८ एप्रिल २०२४चं खग्रास सूर्यग्रहण ड्रोनवरून: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

जागा नक्की झाली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, कार्बनडेल शहराच्या दक्षिणेला एक खासगी शेत. जमीनमालकाची लेखी परवानगी मिळाली आहे. २१ ऑगस्ट २०१७ आणि ८ एप्रिल २०२४ या दोन्ही ग्रहणांच्या मध्यरेषा सीडर लेकच्या परिसरात एकमेकींना छेदतात, त्यामुळे इथे खग्रास स्थिती जवळपास जास्तीत जास्त टिकते: सुमारे ४ मिनिटे ९ सेकंद. स्थानिक वेळेप्रमाणे स्पर्श (ग्रहणाची सुरुवात) दुपारी १२:४३ च्या सुमारास, संमीलन १:५९ नंतर लगेच, उन्मीलन २:०३ नंतर. या नोंदींत संमीलन म्हणजे खग्रास सुरू होण्याचा क्षण आणि उन्मीलन म्हणजे संपण्याचा. सगळ्या वेळा या दोन क्षणांपासून मोजायच्या.

ड्रोनने नेमकं काय टिपायचं, हे आधी ठरवणं गरजेचं. २४ मिमी समतुल्य लेन्स आणि १२ मेगापिक्सेल चित्र धरलं तर चौकटीच्या मध्यभागी चंद्राच्या बिंबाचा व्यास जेमतेम २७ पिक्सेल येतो. यातून करोनाचे (सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे) तंतू दिसणार नाहीत. ते काम जमिनीवरच्या ४०० मिमी लेन्सचं. ड्रोनने टिपायची ती सावली: नैर्ऋत्येकडून धावत येणारी प्रच्छाया (चंद्राची गडद सावली), अंधारलेलं शिवार, चहूबाजूंनी क्षितिजावर पेटलेला संधिप्रकाश आणि या सगळ्यावर लहानसं काळं बिंब. पुढचा प्रत्येक निर्णय यावरूनच घ्यायचा.

२८ जानेवारी

चौकटीची भूमिती. संमीलनाला सूर्य क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर आणि दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला कोन) सुमारे २०८, म्हणजे दक्षिणेपासून पश्चिमेकडे २८ अंश. इतक्या उंचावरचा सूर्य आणि क्षितिज एकाच चौकटीत बसवणं ही खरी अडचण. आडव्या चौकटीचा उभा आवाका साधारण ५७ अंश आहे. त्यात सूर्य वरच्या कडेला आणि क्षितिज खालच्या कडेला चिकटतं, जमीन दिसतच नाही.

म्हणून कॅमेरा ९० अंशांत फिरवून उभी चौकट घेता येईल असा हलका ड्रोन निवडला. उभ्या चौकटीचा आवाका सुमारे ७१ अंश. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी, वळवता येणारी बैठक) क्षितिजाच्या वर २४ अंशांवर ठेवला की चौकट उणे १२ पासून अधिक ६० अंशांपर्यंत जाते. सूर्य वरच्या कडेपासून साधारण २०० पिक्सेल खाली राहतो आणि खाली जमिनीचा पट्टा मिळतो. ११० मीटर उंचीवरून त्या पट्ट्यातली सर्वांत जवळची जमीन सुमारे ५३० मीटरवरची असेल. म्हणजे पायलट, गाड्या, ट्रायपॉड यांपैकी काहीच चित्रात येणार नाही.

गिंबल वर वळवण्याची मुभा ॲपमध्ये मुळात बंद असते. ती सेटिंगमधून चालू करावी लागते, नाहीतर रिमोटवरचं चाक कितीही फिरवलं तरी कॅमेरा शून्य अंशावर अडतो.

ड्रोनचं तोंड २१५ अंशांकडे ठेवायचं. सूर्य २०८ वर आणि सावली येण्याची दिशा साधारण नैर्ऋत्य, त्यामुळे दोन्ही एकाच चौकटीत मावतात. ही अनुकूलता या जागेची आणि या वेळेची. दुसऱ्या ग्रहणासाठी सगळं गणित नव्याने मांडावं लागेल.

११ फेब्रुवारी

सोलर फिल्टरचा प्रश्न निकाली. जमिनीवरच्या कॅमेऱ्याला खंडग्रास काळात फिल्टर हवाच आणि संमीलनाच्या क्षणी तो हाताने काढायचा. ड्रोनवर लावलेला फिल्टर हवेत काढता येत नाही. एक लाखपट प्रकाश अडवणारी फिल्म लावून उड्डाण केलं तर खग्रास स्थितीत चित्र पूर्ण काळं येईल. म्हणून ड्रोनला फिल्टर लावायचा नाही. त्याऐवजी संमीलनाच्या अडीच मिनिटं आधीपर्यंत कॅमेरा ईशान्येकडे, सूर्याकडे पाठ करून ठेवायचा.

एनडी फिल्टरही (उजेड कमी करणारी करडी काच) नको. त्याचा हिशोब असा: भर उन्हात एफ/१.७ छिद्र आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर शटर साधारण १/८००० येतं. संमीलनाला तीन मिनिटं उरली की उजेड पाच-साडेपाच स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरलेला असतो, एक मिनिट उरलं की सुमारे आठ स्टॉपने. म्हणजे शेवटच्या मिनिटात आयएसओ १०० वर १/५० च्या आसपासचं शटर आपोआपच योग्य बसतं. त्याआधी वेगवान शटरमुळे व्हिडिओ थोडा तुटक दिसेल, चालेल. एनडी लावला तर खग्रासात तेवढेच स्टॉप आयएसओने भरून काढावे लागतील आणि इतक्या लहान सेन्सरवर ते परवडत नाही. शिवाय फिल्टरच्या वजनाने हलक्या गिंबलच्या मोटरवर ताण येतो आणि नेमक्या वरच्या कोनात तो थरथरतो.

२४ फेब्रुवारी

परवानगी आणि नियम. उड्डाण पार्ट १०७ (अमेरिकेचे लहान ड्रोनसाठीचे नियम) खाली, म्हणजे ड्रोन हलका असला तरी नोंदणी आणि रिमोट आयडी (ड्रोनची ओळख व जागा रेडिओवरून प्रसारित करणं) दोन्ही लागतात. कमाल उंची जमिनीपासून ४०० फूट, ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात, माणसांच्या डोक्यावरून उड्डाण नाही. कार्बनडेलजवळच्या सदर्न इलिनॉय विमानतळाला नियंत्रण टॉवर आहे. आपलं शेत त्याच्या नियंत्रित हवाई क्षेत्राबाहेर येतं, हे नकाशावर तपासलं. शॉनी नॅशनल फॉरेस्टमधल्या राखीव वनक्षेत्रांत ड्रोनला बंदी आहे, म्हणून दृश्य कितीही देखणं असलं तरी तिथल्या कड्यांचा विचार सोडला.

खग्रास काळ कायद्याच्या व्याख्येत रात्र ठरत नाही, कारण ती व्याख्या सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयाआधीच्या नागरी संधिप्रकाशावर बेतलेली आहे. तरीही तीन मैलांवरून दिसणारा लुकलुकता दिवा लावणार आहोत. अंधार होताच निरीक्षकाला (ड्रोनवर नजर ठेवणाऱ्या सहकाऱ्याला) ड्रोन सापडला पाहिजे, आणि त्या दिवशी लहान विमानांची वर्दळ नेहमीपेक्षा बरीच जास्त असणार.

९ मार्च

पहिली रंगीत तालीम, सूर्यास्तानंतर. खग्रासातला उजेड सूर्यास्तानंतरच्या वीस-तीस मिनिटांसारखा असतो, त्यामुळे एक्सपोजर आणि ड्रोनची वागणूक दोन्ही तपासण्याची हीच वेळ.

खालचे सेन्सर अंधुक प्रकाशात जमिनीचा पोत ओळखू शकत नाहीत. पडद्यावर ‘प्रकाश कमी, अडथळा ओळख बंद’ अशी सूचना येते आणि नेमकी चौकटीचा वरचा भाग झाकून बसते. ११० मीटर उंचीवर ड्रोन उपग्रहांच्या आधारे स्थिर राहतो, तिथे या सेन्सरांचं काम नसतं. धोका उतरताना. म्हणून नियम केला: खग्रास चालू असताना उतरायचं नाही. सिग्नल तुटल्यास आपोआप परत येण्याची उंची ६० मीटर, कारण शेताच्या कडेची झाडं २५ मीटरपेक्षा उंच नाहीत.

ऑटो एक्सपोजरवर घेतलेली व्हिडिओ फीत निरुपयोगी. उजेड उतरत असताना कॅमेरा तो भरून काढत राहतो आणि अंधार पडतोय हे चित्रात दिसतच नाही. ग्रहणातली सगळ्यात थरारक गोष्टच पुसली जाते. सगळं मॅन्युअल: शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स (चित्राची रंगछटा) ५५०० केल्विन, फोकस अनंतावर लॉक. या ड्रोनमध्ये फोटोवरून व्हिडिओवर गेलं की व्हाइट बॅलन्स परत ऑटोवर जातो, हे तालमीतच लक्षात आलं. दोन्ही मोडमध्ये तो वेगवेगळा बसवावा लागतो.

१६ मार्च

रिमोट आयडीच्या नियमाची अंमलबजावणी आजपासून. ड्रोनकडून प्रसारण होतंय का, ते दुसऱ्या फोनवर तपासलं. होतंय.

दुसरी तालीम चंद्रावर. मार्चमध्ये इथे सूर्य ५७ अंशांवर चढत नाही, पण आजचा अष्टमीचा चंद्र चढतो, आणि बिंबाचा आकार तोच, सुमारे अर्धा अंश. रात्री चंद्र ५७ अंशांवर उतरला तेव्हा चौकट लावून पाहिली. चंद्र ठरल्या जागी बसला. जवळून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली: बिंब गोल न राहता उभं लांबट झालंय, साधारण ३८ बाय ३२ पिक्सेल. सरळ रेषा सरळ ठेवणारी रुंद लेन्स कडेकडची वस्तू बाहेरच्या दिशेने ताणते. मध्यापासून ३३ अंशांवर हा ताण चांगलाच जाणवतो. चित्र तयार करताना वरचा भाग थोडा दाबून घ्यावा लागेल.

दोन दोष सापडले.

पहिला, लुकलुकत्या दिव्याचा. पुढच्या बाजूला बसवलेल्या दिव्याचा उजेड पात्यांवरून लेन्समध्ये येतो आणि दर सेकंदाला चौकटीच्या वरच्या भागावर पांढुरकी झाक चढते. दिवा मागच्या टोकाला हलवला आणि पुढच्या बाजूने काळ्या टेपची आडोशी पट्टी लावली. झाक गेली. बॅटरीच्या वायुवीजनाच्या फटी टेपखाली झाकल्या जाणार नाहीत, एवढं बघावं.

दुसरा, पात्यांचा. समोरून वारा असला की ड्रोन जागेवर टिकण्यासाठी नाक खाली घालतो. गिंबल कॅमेरा स्थिर ठेवतो, पण पुढची पाती खाली येतात आणि त्यांची टोकं वरच्या दोन कोपऱ्यांत दिसू लागतात. आज सेकंदाला ७ मीटर वाऱ्यात कोपऱ्यातले सुमारे १५० पिक्सेल गेले. वारा मागून असेल तर हा त्रास नाही. वाऱ्याची दिशा आपल्या हातात नाही आणि कॅमेरा खाली वळवला तर सूर्य चौकटीबाहेर जातो, त्यामुळे कोपरे कापायची तयारी ठेवायची. सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त वारा असल्यास उड्डाण रद्द.

३० मार्च

क्रम पक्का केला. एकच ड्रोन हवेत, दुसरा तसाच बसवलेला जमिनीवर राखीव. व्हिडिओ आणि फोटो एकाच वेळी होत नाहीत, म्हणून वेळेची वाटणी:

संमीलनाआधी ७ मिनिटं उड्डाण, ११० मीटरवर स्थिर, कॅमेरा ईशान्येकडे. अडीच मिनिटं आधी तोंड २१५ अंशांवर, गिंबल अधिक २४, व्हिडिओ सुरू. आयएसओ १००, शटर १/२०० पासून सुरुवात, एक मिनिट आधी १/५०. त्यानंतर काही हलवायचं नाही. उजेड पडेल तसा पडू द्यायचा. संमीलनानंतर ५ सेकंदांनी आयएसओ ८००. संमीलनानंतर एक मिनिटापर्यंत व्हिडिओ.

मग फोटो, फक्त रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), १२ मेगापिक्सेल. ४८ मेगापिक्सेलचा मोड अंधारात जास्त दाणेदार चित्र देतो आणि फाइल साठवायला जास्त वेळ घेतो. आधी बिंबासाठी आयएसओ १०० वर १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, प्रत्येकी दोन. ड्रोनचं आपोआप ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो) यासाठी अपुरं आहे: दोन-तृतीयांश स्टॉपच्या पाच पायऱ्यांत एकूण पावणेतीन स्टॉपही भरत नाहीत, आणि आतला करोना व अंधारातली जमीन यांतलं अंतर त्याच्या कितीतरी पट.

नंतर क्षितिजाची पूर्ण फेरी. उभ्या चौकटीची रुंदी ५७ अंश, म्हणून दर ३६ अंशांवर एक थांबा, एकूण दहा. आठ थांब्यांत शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग फक्त २० टक्के उरतो आणि एकसारख्या आकाशात जुळणी करणारं सॉफ्टवेअर चुकतं. आयएसओ २००, १/४ सेकंद, प्रत्येक थांब्यावर वळणं संपल्यावर दोन सेकंद थांबून दोन फोटो. पाव सेकंदाच्या एक्सपोजरला वाऱ्याचा एखादा झोत फोटो हलवतोच, म्हणून दुसरा. एका थांब्याला आठ सेकंद, फेरीला ८० ते ८५.

संमीलनानंतर ३ मिनिटं १५ सेकंदांनी पुन्हा २१५ अंश आणि व्हिडिओ, उन्मीलनानंतर दीड मिनिटापर्यंत. मग कॅमेरा खाली, ड्रोन खाली. हवेतला एकूण वेळ साधारण १७ मिनिटं. ३० टक्क्यांच्या खाली बॅटरी गेली तर काहीही चालू असलं तरी परत.

पायलट कुठे उभा राहील, यावर जास्त विचार केला. ग्रहणाचा चष्मा घातला की सूर्याशिवाय काहीच दिसत नाही, ड्रोनही नाही. चष्म्याविना सूर्याच्या दिशेला बघता येत नाही. म्हणून ड्रोन पायलटच्या ईशान्येला, सुमारे १०० मीटरवर. पायलट सूर्याकडे पाठ करून ड्रोनकडे बघेल आणि कॅमेरा त्याच्या डोक्यावरून नैर्ऋत्येकडे. निरीक्षक पायलटच्या शेजारी. वेळ मोठ्याने पुकारणारा तिसरा माणूस वेगळा.

६ एप्रिल

गर्दी वाढली की मोबाइल नेटवर्क झोपतं, हे गृहीत धरून सगळं आजच: नकाशे फोनमध्ये उतरवले, ॲपमध्ये लॉगिन, हवाई क्षेत्राची माहिती ताजी केली, मग फोन विमान मोडवर. फर्मवेअर अपडेट आता नाही. ड्रोनचं घड्याळ फोनवरून चालतं, म्हणून फोनची वेळ जीपीएसशी जुळवली. फरक १ सेकंदाच्या आत.

मेमरी कार्डं मोकळी, फॉरमॅट ड्रोनमध्येच. फोनच्या पडद्याचा ब्राइटनेस ऑटोवरून काढला.

७ एप्रिल

जागेवर होकायंत्र जुळवलं. पहिल्यांदा अडथळा दाखवला: उतरण्याची चटई शेतातल्या झाकलेल्या लोखंडी जाळीवर होती. आठ मीटर बाजूला सरकवल्यावर निवळलं. सूर्याची जागा आजच १:५९ ला तपासली, कारण आदल्या दिवशी सूर्य त्याच वेळी जवळपास तिथेच असतो. चौकट बरोबर.

८ एप्रिल

आकाश स्वच्छ, उंचावर विरळ तंतुमेघ. दक्षिण-नैर्ऋत्येचा वारा, ११० मीटरवर सेकंदाला ५ ते ६ मीटर.

१:५२ उड्डाण, बॅटरी १०० टक्के. २१५ अंशांवर वळल्यावर पहिल्या मिनिटात चित्रावर आडवे पट्टे थरथरताना दिसले. सूर्य समोर वर असताना पात्यांची सावली लेन्सवरून फिरते, त्याचे हे पट्टे. सूर्याची कोर बारीक होत गेली तसे ते विरले आणि शेवटच्या मिनिटात राहिले नाहीत.

सावली ज्या रीतीने आली ती या प्रकल्पाची सर्वांत मोलाची गोष्ट. प्रच्छायेचा वेग इथे सेकंदाला सुमारे ०.८ किमी, आणि ११० मीटरवरून क्षितिज ३७ किमीवर, म्हणजे क्षितिजापासून आपल्यापर्यंत पाऊण मिनिट. जमिनीवर धारदार कड दिसली नाही. तिरप्या नजरेत शिवार नुसतं विझत जातं. पण तंतुमेघांवर ती स्पष्ट उमटली: नैर्ऋत्येकडे खालून निळसर-जांभळा काळोख चढत आला आणि ढगांचे तंतू एकेक करून मावळत सूर्यापर्यंत पोचले. पूर्ण निरभ्र आकाश असतं तर हे इतकं ठसठशीत दिसलं नसतं.

डायमंड रिंगच्या (खग्रासाच्या कडेला सूर्याचा एकच ठिपका चमकतो त्या) वेळी लेन्समधलं प्रतिबिंब चौकटीच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, जमिनीवर, हिरवट ठिपक्याच्या रूपात आलं. सुमारे दोन सेकंद.

फोटोंकडे जाताना काही अडलं नाही. बिंबाचे आठही फोटो मिळाले. फेरीत पाचव्या थांब्यावर पक्ष्यांचा थवा घरट्यांकडे निघालेला, ड्रोनच्याच उंचीला; सहा सेकंद थांबलो. ती भरपाई शेवटच्या दोन थांब्यांवर एकेकच फोटो घेऊन केली. सातव्या थांब्यावर शेजारच्या गोठ्याचा उजेडावर चालणारा दिवा आपोआप लागला आणि चित्रात पिवळा डाग आला. आदल्या दिवशी आजूबाजूच्या घरांना विचारून असे दिवे बंद करून घ्यायला हवे होते.

उन्मीलनाला चूक झाली. आयएसओ ८०० वरून १०० वर यायला चार सेकंद उशीर झाला, कारण दिवसाच्या उजेडासाठी पूर्ण उजळ ठेवलेल्या पडद्यावर खग्रासातही चित्र उजळच दिसत होतं आणि अतिउजेडाने पांढरा पडत चाललेला भाग लक्षात आला नाही. दुसरी डायमंड रिंग पांढऱ्या गोळ्यात हरवली. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) पडद्यावर ठेवणं आणि उन्मीलनाआधी पाच सेकंदांनीच आयएसओ उतरवणं, हे दोन्ही यादीत असायला हवं होतं.

२:०९ उतरला, बॅटरी ३९ टक्के.

९ एप्रिल

मूळ फाइलींच्या दोन प्रती केल्या, मगच काम.

१/२५० चा फोटो बिंबासाठी सर्वांत चांगला. करोना सगळ्या बाजूंनी जवळपास सारखा पसरलेला, सूर्याच्या कमाल सक्रियतेच्या काळात असतो तसा. खालच्या कडेचा ठळक गुलाबी प्रॉमिनन्सचा (सूर्याच्या कडेवरून वर आलेल्या तप्त वायूचा) भाग जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसला. ड्रोनच्या फोटोत तो दोन पिक्सेल. १/१५ मध्ये सूर्याच्या उजवीकडे खाली १५ अंशांवर शुक्र स्वच्छ.

१४ एप्रिल

फेरीची जुळणी. सॉफ्टवेअरने आपोआप दोन थांबे चुकवले, कारण आकाशात पकडायला खुणाच नाहीत. क्षितिजावरच्या झाडांच्या रांगा, पाण्याची टाकी आणि विजेचे मनोरे हाताने जोडबिंदू म्हणून दिले, मग जुळलं. सगळे फोटो एकाच एक्सपोजरचे होते म्हणून क्षितिजाच्या उजेडातला खरा फरक टिकला: सुरुवातीच्या थांब्यांत सगळीकडे सारखा नारिंगी पट्टा, फेरीच्या शेवटी नैर्ऋत्येकडचा जास्त उजळ, कारण तोवर सावलीची मागची कड त्या बाजूने जवळ येत होती. फेरीला ९१ सेकंद लागले. तेवढ्यात सावली ७० किमी सरकली होती. म्हणजे ही एका क्षणाची फेरी नाही, आणि चित्राखालच्या ओळीत तसं लिहायचं.

पुढच्यासाठी एक गणित आताच मांडून ठेवतो. १२ ऑगस्ट २०२६ ला उत्तर स्पेनमध्ये सूर्य क्षितिजापासून फक्त १० अंशांच्या आसपास असेल. तिथे उभ्या चौकटीची गरजच नाही. ७० मिमी समतुल्य लेन्सने सूर्य आणि डोंगर एकत्र घेता येतील, गिंबल शून्याच्या जवळ राहील आणि पाती चौकटीत येणार नाहीत. २ ऑगस्ट २०२७ ला लुक्सॉरमध्ये खग्रास सहा मिनिटांहून जास्त, पण सूर्य ८० अंशांच्या वर. तिथे सूर्य आणि क्षितिज या ड्रोनच्या एका चौकटीत येणार नाहीत, फक्त सावली आणि क्षितिजाची फेरी होईल. आजच्या क्रमातला दहा थांब्यांचा भाग तिथे तसाच वापरता येईल, दोन फोटोंऐवजी तीन घेऊन.